साधन जागेवर आहे, पत्ता चुकला आहे : कमांडचा पाथ आणि नाव बदललेले शहर

टर्मिनलमध्ये, म्हणजे चित्रे आणि बटणे बाजूला ठेवून केवळ अक्षरांतून संगणकाशी व्यवहार करण्याच्या खिडकीत, जी कमांड टंकली जाते ती बहुतेक वेळा एका फायलीचे नाव असते. ‘गिट’ (प्रोग्रॅमच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारे साधन) असे टंकल्यावर त्या नावाची फाइल शोधून ती चालवणे एवढेच काम यंत्राला करायचे असते. परंतु डिस्कवर लाखो फायली असतात आणि प्रत्येक कमांडसाठी त्या सगळ्या धुंडाळणे परवडणारे नसल्यामुळे, कोणत्या फोल्डरांत आणि कोणत्या क्रमाने पाहायचे याची एक यादी यंत्राजवळ आधीच ठेवलेली असते. या यादीला ‘पाथ’ म्हणतात. यादीतील एकाही फोल्डरात ती फाइल सापडली नाही, तर ती त्याच डिस्कवर दुसरीकडे सुखरूप असली तरी ‘कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर मिळते. हे उत्तर ‘साधन नाही’ असे वाचले जाते, वास्तविक त्याचा अर्थ ‘सांगितलेल्या ठिकाणी साधन नाही’ एवढाच असतो. आणि हा फरक लक्षात न आल्यामुळे कितीतरी विद्यार्थी धडधाकट सॉफ्टवेअर काढून टाकतात आणि काही गिगाबाइटचे तेच सॉफ्टवेअर पुन्हा उतरवून घेत बसतात. (पुढे आलेल्या कमांड प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकायच्या असतात, येथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.)

या यादीचा उगम अमेरिकेतील बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून घडवलेल्या युनिक्स या प्रणालीत आहे. आरंभी प्रणालीची साधने ‘/बिन’ या एकाच फोल्डरात ठेवली जात; पण त्या काळच्या डिस्कची क्षमता काही मेगाबाइटच असल्याने साधने वाढली तशी ती मावेनाशी झाली आणि जास्तीची साधने दुसऱ्या डिस्कवर, वापरकर्त्यांच्या सामानासाठी राखलेल्या ‘/यूएसआर’ या विभागात, ‘/यूएसआर/बिन’ असे नवे फोल्डर करून हलवण्यात आली. आजही जगभरच्या यंत्रांत ही दोन फोल्डरे वेगवेगळ्या नावांनी दिसतात त्यामागे एका जुन्या डिस्कची अपुरी जागा आहे. सुरुवातीच्या शेलमध्ये, म्हणजे टंकलेली कमांड वाचून ती पार पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, शोधायची ही ठिकाणे कायमची कोरलेली होती. 1979 मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांच्या शेलबरोबर ती यादी ‘पाथ’ या नावाने वापरकर्त्याच्या हाती आली आणि प्रत्येकाला तिच्यात आपल्या सोयीचे फोल्डर घालता येऊ लागले. या स्वातंत्र्याबरोबरच यादी चुकण्याची शक्यताही आली.

ही चूक प्रत्यक्षात कशी भेटते ते एका शहरावरून पाहू. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, 1960 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, 1958 मध्ये स्थापन झालेल्या आणि आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाचे आवार आहे, आणि जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून शिकायला येणारा विद्यार्थी बहुधा येथेच पहिल्यांदा प्रोग्रॅम लिहितो. त्याची पाथशी पहिली गाठ पडते ती बहुतेक वेळा विंडोजवर, जावा शिकताना. जावाचा संच बसवून झालेला असतो, वर्गात फळ्यावर लिहून दिलेला प्रोग्रॅम जशाच्या तसा उतरवलेला असतो, आणि ‘जावासी’ ही भाषांतराची कमांड दिल्यावर ती ‘अंतर्गत किंवा बाह्य कमांड म्हणून ओळखता येत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ समोर येते. संच ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डराच्या पोटात कुठेतरी खोल बसलेला असतो; त्याच्यातील ‘बिन’ या उपफोल्डराचा पत्ता यादीत घातला की काम होते. तरीही पुष्कळदा होत नाही, आणि याचे कारण पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितलेले असते: चालू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला यादीची एक प्रत त्याच्या जन्माच्या वेळी मिळते आणि नंतर मूळ यादीत केलेला बदल त्या प्रतीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून पत्ता घालण्याआधीपासून उघडी असलेली काळी खिडकी जुनीच यादी धरून बसते. ती बंद करून नवी उघडणे ही नुसती औपचारिकता नसून दुरुस्तीचाच एक भाग आहे.

ॲपलच्या मॅक संगणकांवर हाच प्रश्न एका पायरीने अधिक गुंतागुंतीचा होतो, आणि तो सविस्तर पाहण्याजोगा आहे. विद्यार्थिदशेत मॅकशी संबंध आला नाही तरी पुढे नोकरीत, विशेषतः मोबाइलची ॲप घडवणाऱ्या कंपन्यांत, तो येतोच; कारण आयफोनसाठी ॲप घडवण्याचे ‘एक्सकोड’ हे अधिकृत साधन फक्त मॅकवर चालते. 2003 मध्ये आलेले एक्सकोड आरंभीची अनेक वर्षे डिस्कच्या मुळाशी ‘/डेव्हलपर’ नावाच्या फोल्डरात बसत असे. 2012 च्या आरंभी आलेल्या 4.3 या आवृत्तीपासून ॲपलने ते इतर कोणत्याही ॲपसारखे ‘/ॲप्लिकेशन्स’ मध्ये एकाच गठ्ठ्यात ठेवले आणि कंपायलर, मेक, गिट यांसारखी टर्मिनलमधून चालणारी साधने ज्यांना एवढा मोठा गठ्ठा नको त्यांच्यासाठी ‘कमांड लाइन टूल्स’ या नावाने वेगळी दिली. (कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन; मेक म्हणजे त्या रूपांतराच्या पायऱ्या क्रमाने पार पाडणारे साधन.) हा छोटा संच ‘/लायब्ररी/डेव्हलपर/कमांडलाइनटूल्स’ येथे बसतो. अशा रीतीने एकाच यंत्रावर त्याच कंपायलरच्या दोन, आणि चाचणीसाठी एक्सकोडची पुढची आवृत्तीही घेतली असेल तर तीन प्रती नांदू लागल्या.

यांपैकी कोणती खरी धरायची, हा निर्णय पाथच्या यादीवर सोडलेला नाही, हे येथील मर्म आहे. मॅकच्या ‘/यूएसआर/बिन’ मध्ये ‘गिट’ किंवा ‘क्लँग’ (कंपायलर) या नावाने जी फाइल दिसते ती मूळ साधन नसून एक लहानसा मध्यस्थ असतो. तो ‘सध्या निवडलेले विकासक-फोल्डर कोणते’ एवढे विचारून घेतो आणि त्या फोल्डरातील खऱ्या साधनाकडे काम सोपवतो. निवडलेल्या फोल्डराची नोंद प्रणालीच्या अंतर्भागात एका सांकेतिक दुव्याच्या रूपाने ठेवलेली असते. सांकेतिक दुवा म्हणजे जिच्यात दुसऱ्या ठिकाणाचा पत्ता तेवढा लिहिलेला असतो अशी फाइल. हा दुवा वाचण्याची आणि बदलण्याची कमांड म्हणजे ‘एक्सकोड-सिलेक्ट’. तिच्यापुढे ‘-पी’ लिहिले की सध्याचा पत्ता छापला जातो. ‘-एस’ आणि त्यापुढे नवा पत्ता लिहिला की निवड बदलते, मात्र हा बदल सबंध यंत्रासाठी असल्याने कमांडच्या आधी ‘सुडो’ लिहून प्रशासकाचा अधिकार घ्यावा लागतो. ‘--रीसेट’ लिहिले की हाताने केलेली निवड पुसली जाते आणि प्रणाली आपल्या ठरलेल्या जागी पुन्हा शोध घेते. एखाद्याच कामापुरते वेगळे फोल्डर हवे असेल, तर ‘डेव्हलपर_डीआयआर’ या चलात त्याचा पत्ता ठेवता येतो. हे चल असेल तर दुव्याआधी तेच पाहिले जाते.

बिघाड कसा दिसतो हे एका उदाहरणावरून जवळून पाहता येईल. मॅकची कार्यप्रणाली नव्या आवृत्तीला नेली, दुसऱ्या दिवशी टर्मिनल उघडून ‘गिट स्टेटस’ लिहिले, तर ‘एक्सकरन : एरर : इनव्हॅलिड ॲक्टिव्ह डेव्हलपर पाथ’ अशी ओळ आली आणि तिच्यापुढे कंसात ‘/लायब्ररी/डेव्हलपर/कमांडलाइनटूल्स’ हा पत्ता आला. घाईत वाचणाऱ्याला येथे गिट बिघडले असे वाटते. वास्तविक या ओळीत निदान पूर्ण दिलेले असते: मध्यस्थ जागेवर आहे, त्याने दुवा वाचला आहे, दुव्यात कंसातील पत्ता मिळाला आहे, आणि त्या पत्त्यावर हवे ते साधन सापडलेले नाही. येथे साधनांचा संच खरोखरच राहिलेला नसतो, म्हणून ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’ ही कमांड योग्य ठरते. याउलट ‘एक्सकोडबिल्ड’ या ॲप बांधणाऱ्या कमांडला पूर्ण एक्सकोड लागते, पण निवडलेले फोल्डर कमांड लाइन टूल्सचे आहे, अशी तक्रार आली आणि ‘/ॲप्लिकेशन्स’ मध्ये एक्सकोड आधीच असेल, तर काहीही उतरवून घ्यायचे नसते; ‘-एस’ लिहून दुवा त्याच्या आतील ‘कंटेंट्स/डेव्हलपर’ या फोल्डराकडे वळवला की काम झाले. दोन्ही तक्रारी वरवर सारख्या दिसतात, दोन्हींचे मूळ एकाच दुव्यात आहे, आणि तरीही एकीत संच उतरवून घ्यावा लागतो तर दुसरीत अर्धे मिनिट पुरते. मोबाइलच्या डेटावर किंवा वसतिगृहाच्या सामाईक जोडणीवर काम चालवणाऱ्यासाठी हा फरक एका सबंध दिवसाचा ठरू शकतो.

बिघाडाचा तिसरा प्रकार नाव बदलल्याने होतो. जुनी आणि नवी एक्सकोड शेजारी ठेवता यावीत म्हणून विकासक जुन्या गठ्ठ्याचे नाव ‘एक्सकोड’ ऐवजी आवृत्तीच्या क्रमांकासह लिहितो. गठ्ठा तोच, जागा तीच, फक्त नाव वेगळे. पण दुव्यात जुने नाव लिहिलेले असल्याने आतील सगळी साधने एकाच वेळी ‘नाहीशी’ होतात. पाथच्या दृष्टीने नाव हेच ठिकाण असते. नावामागची वस्तू तीच आहे हे ओळखण्याची सोय त्या लिखित पत्त्यात नसते.

नाव बदलण्याचा हा प्रकार छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला परका नाही. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेल्या खडकीचे 1626 मध्ये फतेहनगर झाले, 1653 मध्ये औरंगाबाद झाले, फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राच्या मंजुरीनंतर शहराला छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते जिल्ह्यालाही लागू झाले. शहराच्या संगणकीय ओळखी मात्र एकाच वेळी बदलल्या नाहीत. टपालाचा 431001 हा पिनकोड, वाहनांची एमएच-20 ही खूण आणि विमानतळाचे आयएक्सयू हे संकेताक्षर कायम राहिले. रेल्वे स्थानकाचे नाव ऑक्टोबर 2025 मध्ये बदलले तेव्हा त्याचे संकेताक्षरही एडब्ल्यूबीवरून सीपीएसएन झाले. आणि 2011 च्या जनगणनेच्या तक्त्यांत हा जिल्हा 515 या क्रमांकाने आणि जुन्याच नावाने राहणार, कारण प्रसिद्ध झालेली जनगणना मागे जाऊन बदलली जात नाही.

आता ज्याच्या संगणकावर जिल्ह्याच्या पावसाच्या किंवा पिकांच्या नोंदींचे काम ‘औरंगाबाद’ नावाच्या फोल्डरात चालू आहे, अशा संशोधकाने फोल्डराचे नाव ‘छत्रपती संभाजीनगर’ केले तर काय होईल ते पाहावे. तो पायथॉन भाषेत काम करत असेल, तर त्या फोल्डरात बहुधा एक ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ असते, म्हणजे त्या कामापुरता पायथॉनचा आणि त्याच्या जोडसाधनांचा स्वतंत्र संच. या संचातील साधनांच्या पहिल्या ओळीत पायथॉनचा पत्ता डिस्कच्या मुळापासून पूर्ण लिहिलेला असतो आणि त्या पत्त्यात जुने फोल्डरनाव असते. नाव बदलताच ‘बॅड इंटरप्रिटर’ ही तक्रार येते, जरी पायथॉन हललेले नसते. यावर सरळ उपाय म्हणजे साधनांची यादी जपून ठेवून तो संच काढून टाकणे आणि नव्या नावाखाली पुन्हा बनवणे. तात्पुरता उपाय म्हणजे ‘एलएन -एस’ या कमांडने जुन्या नावाचा सांकेतिक दुवा नव्या फोल्डराकडे करून देणे: जुने पत्ते लिहिलेल्या साधनांना तो जुन्या नावाने सापडतो, माणसांना नवे नाव दिसते, आणि माहिती एकाच जागी राहते. एक्सकोड-सिलेक्टनेही हेच तंत्र वापरलेले आहे.

दुसरी अडचण नव्या नावातील दोन शब्दांमधील मोकळ्या जागेची आहे. शेल ओळीतील मोकळी जागा ही दोन घटकांना वेगळे करणारी खूण मानतो, त्यामुळे अवतरणचिन्हांत न घातलेले ‘छत्रपती संभाजीनगर’ त्याला दोन वेगळी फोल्डरे वाटतात आणि दोन्ही सापडत नाहीत. अवतरणचिन्हे घातली की शेलचे समाधान होते. पण ‘मेक’सारखी 1970 च्या दशकातील साधने मोकळ्या जागेशी आजही नीट जुळवून घेत नाहीत आणि साधनाच्या पहिल्या ओळीतील पायथॉनचा पत्ता तर तिच्यावर तुटू शकतो. म्हणून फोल्डराच्या नावात दोन शब्द अधोरेषेने जोडणे, किंवा जिल्ह्यांच्या माहितीचे काम असेल तर नावाऐवजी 515 सारखा क्रमांक वापरणे अधिक शहाणपणाचे. नाव पडद्यावर दाखवण्यासाठी वेगळ्या तक्त्यात ठेवावे.

तिसरी अडचण खास मराठीची असून तिच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले दिसत नाही. पाथ हा यंत्राच्या लेखी अक्षरांचा नव्हे, तर बाइटांचा क्रम असतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह आजच्या रूढ यूटीएफ-8 या पद्धतीत तीन बाइट घेते. ‘औरंगाबाद’ या शब्दात कानामात्रांसह आठ चिन्हे असल्याने त्याचे 24 बाइट होतात, आणि ‘छत्रपती संभाजीनगर’चे मोकळ्या जागेसह 49. युनिक्सच्या वळणाच्या लिनक्स या प्रणालीवर एका फायलीच्या नावाला साधारणपणे 255 बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीत 85 चिन्हे. कार्यालयीन विषयाचे पूर्ण वाक्य फाइलनाव म्हणून देण्याची सवय असेल तर ही मर्यादा सहज गाठली जाते. त्याहून अवघड गोष्ट ‘ऱ’ या अक्षराची. ‘शेतकऱ्यांची_यादी’ या नावातील ‘ऱ’ युनिकोड या सर्व लिप्यांच्या संकेतसंचात दोन प्रकारे लिहिता येतो: एकाच स्वतंत्र चिन्हाने, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे असतात. मॅकची जुनी डिस्करचना, एचएफएस प्लस, फाइलनाव साठवताना अशा अक्षरांचे विघटन करून दुसरा प्रकार ठेवत असे. लिनक्स मात्र जे बाइट मिळतील ते तसेच ठेवतो. त्यामुळे जुन्या मॅकवरून लिनक्सवर आणलेले फोल्डर यादीत दिसते, पण त्याचे नाव हाताने टंकले की ‘असे काही नाही’ असे उत्तर येऊ शकते. 2017 पासून मॅकवर आलेली एपीएफएस ही रचना दोन्ही रूपांना एकच मानते, म्हणून मॅकच्या आत हा प्रश्न मिटला. यंत्रांच्या सीमेवर तो शिल्लक आहे. मराठीत फोल्डरांची नावे ठेवू नयेत असा याचा अर्थ मुळीच नाही. साधने आणि त्यांचे पाथ साध्या रोमन अक्षरांत ठेवावेत आणि मराठी नावे माहितीच्या फायलींना द्यावीत, एवढी विभागणी पुरेशी आहे.

क्रमाचा मुद्दा अजून उरतो. यादीत पहिल्यांदा जे सापडते तेच चालते. नंतरच्या फोल्डरात त्याच नावाचे अधिक नवे साधन असले तरी त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मॅकवर होमब्रू या सुविधेने आणलेली साधने इंटेलच्या यंत्रांत ‘/यूएसआर/लोकल’ खाली आणि 2020 पासूनच्या ॲपल सिलिकॉन यंत्रांत ‘/ऑप्ट/होमब्रू’ खाली बसतात. जुन्या यंत्रावरची शेलची मांडणी नव्या यंत्रावर जशीच्या तशी आणली की नव्या फोल्डराचे नाव यादीत नसते आणि दुसरीच आवृत्ती चालू राहते. ‘विच’ किंवा ‘टाइप’ या कमांडला ‘-ए’ जोडून विचारले, तर त्या नावाची सगळी साधने क्रमाने दिसतात. क्रमाला सुरक्षिततेचीही बाजू आहे. विंडोजची जुनी कमांड-खिडकी यादीआधी चालू फोल्डर पाहते; युनिक्समध्ये ते यादीत मुद्दाम घातले जात नाही, कारण कोणीतरी पाठवलेल्या फोल्डरात ‘गिट’ नावाचा घातक प्रोग्रॅम असेल तर तोच आधी चालेल. आणि पाथ बरोबर असला तरी त्या पत्त्यावरचे साधन अस्सल असावे लागते. सप्टेंबर 2015 मध्ये उघडकीस आलेल्या ‘एक्सकोडघोस्ट’ प्रकरणात, ॲपलकडून एक्सकोड उतरवायला फार वेळ लागतो म्हणून चीनमधील विकासकांनी इतरत्र ठेवलेल्या प्रती घेतल्या. त्या प्रतींत घुसवलेला कोड त्यांनी घडवलेल्या ॲपांत शिरला आणि वुईचॅटसारखे कोट्यवधी लोकांचे ॲपही त्यातून सुटले नाही. मंद जोडणीमुळे मित्राच्या पेनड्राइव्हवरून संच बसवणाऱ्याने ही घटना ध्यानात ठेवावी आणि संच नेहमी मूळ ठिकाणाहूनच घ्यावा.

एवढे पाहिल्यावर अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या प्रात्यक्षिकात ‘हॅलो वर्ल्ड’ छापण्याआधी विद्यार्थ्याकडून पाथची यादी छापून घ्यावी, तिच्यातील एक फोल्डर काढून कमांड मुद्दाम मोडून दाखवावी आणि ती त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावी. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि तासाभरात हे सगळे सहज होते.